पडद्यावरचा ‘मद्रासी’ : सुरुवातीच्या दूरचित्रवाणी विनोदातील वर्ण, उच्चार आणि प्रतिमा

१९६८ साली प्रदर्शित झालेल्या ‘पडोसन’ या हिंदी चित्रपटातील जुगलबंदी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. पूर्ण चित्रपट पाहिला नसला तरी तेवढा तुकडा कधी ना कधी डोळ्यांखालून गेलेला असतो. समोरासमोर दोन खिडक्या आहेत. एका खिडकीत संगीतशिक्षक मास्टर पिल्लई, म्हणजे मेहमूद. डोक्यावर शेंडी, कपाळावर गंध, कमरेला लुंगी आणि तोंडी तमिळ वळणाची हिंदी. दुसऱ्या खिडकीत नायक भोला, म्हणजे सुनील दत्त. भोलाला गाता येत नाही. तो नुसते ओठ हलवतो आणि त्याच्या आडोशाला लपलेला मित्र विद्यापती, म्हणजे किशोर कुमार, गातो. या सामन्यात ज्याला खरोखर गाणे येते तो पिल्लई आहे आणि लबाडी करतो तो नायक. तरीही सामना संपतो तेव्हा प्रेक्षक लबाडाच्या बाजूने असतो आणि जाणकाराला हसत असतो.

असे का होते, हा या पाठाचा प्रश्न आहे. पिल्लईचे गाणे प्रेक्षकाला ऐकू येण्याआधीच त्याची शेंडी दिसलेली असते आणि त्याचा उच्चार कानावर पडलेला असतो. पहिल्या क्षणीच तो ‘हसण्याचा माणूस’ ठरतो. नंतर त्याने काहीही केले तरी ते विनोदातच जमा होते. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाच्या बाबतीत नेमके असेच घडले आणि तेथील दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यावर मोठा वाद झाला. म्हणून आपण आधी अमेरिकेकडे, मग मुंबईकडे आणि शेवटी बंगळूरुकडे पाहणार आहोत.

पाठ दूरचित्रवाणीचा असताना चित्रपट कशाला, अशी शंका येईल. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आणि बंगळूरु केंद्र १९८१ मध्ये. स्वतःच्या मालिका निघेपर्यंत दूरदर्शनची करमणूक बरीचशी हिंदी चित्रपटांवरच चालत होती. ‘छायागीत’, ‘चित्रहार’ आणि रविवारचा चित्रपट हे त्या काळच्या घराघरातले ठरलेले कार्यक्रम होते. छोट्या पडद्यावरचा पहिला ‘मद्रासी’ हा असा मोठ्या पडद्यावरून उसना आलेला आहे.

काजळी फासलेला चेहरा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘मिन्स्ट्रेल’ नावाचे खेळ फार लोकप्रिय होते. गोरे नट जळक्या बुचाची काजळी चेहऱ्याला फासत, ओठ मोठे रंगवत आणि गुलाम कृष्णवर्णीयांची नक्कल करत. पात्रे ठरलेली असत : आळशी, भित्रा, खादाड, मोठे शब्द चुकीचे वापरणारा. १८३०च्या दशकात थॉमस राइस या नटाने ‘जिम क्रो’ हे असेच एक पात्र गाजवले. पुढे दक्षिणेकडील राज्यांनी शाळा, रेल्वेचे डबे, पाण्याचे नळ गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वेगळे करणारे कायदे केले, त्या कायद्यांना लोक ‘जिम क्रो कायदे’ म्हणू लागले. रंगमंचावरच्या एका नकलेचे नाव थेट कायद्यांना चिकटले.

हे खेळ केवळ अमेरिकेत राहिले नाहीत. डेव्ह कार्सन नावाचा मिन्स्ट्रेल नट १८६०च्या दशकात भारतात आला आणि त्याने मुंबई-कलकत्त्यात प्रयोग केले. काजळी फासण्याचे तंत्र त्याच्याजवळ होतेच. इथे आल्यावर त्याने त्याच तंत्राने ‘बंगाली बाबू’ची नक्कल बसवली. इंग्रजी शिकलेला, पण साहेबाला हसण्याजोगा वाटणारा बाबू युरोपियन प्रेक्षकांना फार आवडला. त्याला उत्तर कलकत्त्याच्या रंगभूमीवरूनच मिळाले. अर्धेंदुशेखर मुस्तफी या बंगाली नटाने १८७०च्या दशकात उलट साहेबाचीच नक्कल रंगमंचावर आणली. ज्या माणसाची चेष्टा चालली होती त्यानेच चेष्टेचे हत्यार हातात घेतले. भारतीय विनोदाच्या इतिहासात हा प्रसंग याहून जास्त ओळखीचा असायला हवा होता.

पुढे आकाशवाणीचा काळ आला. फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोघे गोरे कलावंत १९२८पासून ‘एमॉस अँड अँडी’ या श्राव्य मालिकेत कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज काढत. काजळीची गरज उरली नव्हती, कारण काजळीचे काम आता उच्चार करत होता. मालिका अफाट लोकप्रिय झाली. तिच्याविरुद्ध ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९३१मध्येच सह्यांची मोहीम काढली होती, हे विसरू नये. ‘त्या काळी कोणाला यात काही वावगे वाटत नव्हते’ असे जुन्या विनोदाबद्दल नेहमी म्हटले जाते. ज्यांच्यावर विनोद होत होता त्यांना ते वाटतच होते आणि ते बोलतही होते.

जून १९५१मध्ये सीबीएस वाहिनीने ही मालिका दूरचित्रवाणीवर आणली. आता माणसे दिसणार होती, म्हणून कृष्णवर्णीय नट घेतले गेले : ॲल्विन चाइल्ड्रेस, स्पेन्सर विल्यम्स, टिम मूर. सगळी पात्रे कृष्णवर्णीय असलेली ती पहिली मोठी मालिका ठरली. वरवर पाहता ही प्रगतीच होती. पण लेखक गोरे होते आणि पात्रे जुनीच होती. नटांनी ‘काळ्या माणसासारखे’ कसे बोलावे हे गॉस्डेन सांगत असे. विल्यम्स स्वतः चित्रपट दिग्दर्शक होते. त्यांचा याच गोष्टीवरून गॉस्डेनशी खटका उडाला. आपल्याच समाजाची बोली कशी बोलायची हे एखाद्याने बाहेरच्या माणसाकडून शिकावे, अशी वेळ त्यांच्यावर आली होती.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने १९५१मध्येच मालिका बंद करण्याची मागणी केली. तिचा आक्षेप नीट वाचला पाहिजे. तिचे म्हणणे, कृष्णवर्णीय मूर्ख पात्रे दाखवूच नयेत, असे नव्हते. या मालिकेत वकील आहे तो ठग, डॉक्टर आहे तो भोंदू आणि बाकीचे आळशी किंवा भोळसट. आणि गोऱ्या प्रेक्षकाला पडद्यावर याखेरीज दुसरा कृष्णवर्णीय वकील किंवा डॉक्टर पाहायलाच मिळत नाही, असे तिचे म्हणणे होते. गोऱ्यांच्या मालिकेत एक मूर्ख गोरा आला तर पुढच्या मालिकेत शहाणा गोरा असतोच. कृष्णवर्णीयांना ही सोय नव्हती. दुसरीकडे काही कृष्णवर्णीय नटांनी बंदीला विरोध केला, कारण मालिका गेली की त्यांचे काम जाणार होते. आणि तसेच झाले. १९५३मध्ये नवे भाग थांबले, १९६६मध्ये पुनःप्रक्षेपणही थांबले, पण दरम्यानच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी दुसऱ्या चांगल्या भूमिका फारशा निर्माण झाल्या नाहीत. वाईट प्रतिमा काढून टाकली म्हणून चांगली प्रतिमा आपोआप येत नाही.

‘ब्यूला’ ही १९५०ची मालिका थोडक्यात सांगतो. गोऱ्या कुटुंबाकडे राबणारी हसतमुख कृष्णवर्णीय मोलकरीण तिची नायिका आहे. आकाशवाणीवर या बाईचा आवाज सुरुवातीला मार्लिन हर्ट हा गोरा पुरुष काढत असे. गंमत म्हणून हे सांगितले जाते, पण यात गमतीपेक्षा जास्त काही आहे.

मुंबईचा ‘मद्रासी’

आता मुंबई. पहिली गोष्ट म्हणजे ‘मद्रासी’ हा शब्दच एक नक्कल आहे. त्यात तमिळ, तेलुगू, मलयाळी, कन्नड आणि तुळू अशा पाच भाषा बोलणारे लोक एकाच पोत्यात कोंबलेले आहेत. बंगळूरुचा माणूस मुंबईत उतरला की तो मद्रासला कधी गेला नसला तरी मद्रासी होतो. उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेला तुळू मालक ‘अण्णा’ होतो. मराठी घरात अण्णा म्हणजे मोठा भाऊ किंवा वडील, ज्यांच्यापुढे आवाज खाली येतो. तोच शब्द हॉटेलच्या दारात पोचला की त्याला ‘यंडू गुंडू’ची शेपटी लागते.

मेहमूद यांच्या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहाव्यात. १९६५च्या राजा नवाथे दिग्दर्शित ‘गुमनाम’मध्ये ते हैदराबादी दख्खनी बोलणारा नोकर आहेत आणि चेहरा काळा केलेला आहे. रंग काळा असला म्हणून काय झाले, मन दिलदार आहे, अशा अर्थाचे त्यांचे गाणे आजही लग्नाच्या वरातीत वाजते. गाण्याचा सूर बचावाचा आहे. काळा असणे हा आरोप आहे हे आधी मान्य करून मग सुटका मागितलेली आहे. ‘पडोसन’मध्ये रंगाची जागा वेशाने आणि उच्चाराने घेतली. मेहमूद अत्यंत गुणी नट होते आणि पिल्लईचे काम त्यांनी मन लावून केले आहे. त्याच्या फजितीत क्वचित करुणाही डोकावते. प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नाही. मेहमूद यांनी पुढे बंगळूरुजवळ शेत घेतले आणि उत्तरायुष्यातला बराच काळ ते तिथे राहिले, ही नोंद जाता जाता.

ही दोन वर्षे कोरी नाहीत. २६ जानेवारी १९६५पासून हिंदी ही केंद्राची एकमेव राजभाषा होणार होती आणि त्याविरुद्ध मद्रास राज्यात मोठे आंदोलन पेटले होते. मुंबईत १९६०पासून बाळ ठाकरे यांचे ‘मार्मिक’ साप्ताहिक कंपन्यांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून, त्यांत दाक्षिणात्य किती आणि मराठी किती, हे विचारत होते. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. पहिल्या वर्षांत तिचा रोख दाक्षिणात्यांवर होता, घोषणांमध्ये लुंगी होती आणि उडुपी हॉटेलांवर दगड पडले. नोकऱ्यांची तक्रार खरी की अतिशयोक्त, हा वेगळ्या पाठाचा विषय आहे. इथे एवढेच पाहायचे की रस्त्यावर ज्या लुंगीविरुद्ध घोषणा होत्या, तीच लुंगी त्याच सुमारास पडद्यावर हशा मिळवत होती. ‘पडोसन’ने दंगल घडवली, असे कोणी म्हणणार नाही. पण घोषणा देणाऱ्याला आणि तिकीट काढणाऱ्याला लुंगीचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

आणखी एक गोष्ट वर्गात सहसा सुटते. याच काळात हिंदी पडद्यावर दक्षिणेतल्या स्त्रिया राज्य करत होत्या : वैजयंतीमाला, पद्मिनी, वहिदा रेहमान आणि १९६८पासून हेमा मालिनी. त्यांना कोणी ‘मद्रासी’ भूमिका दिल्या नाहीत. त्या नायिका होत्या आणि पडद्यावर उत्तरेकडच्याच घरांतल्या होत्या. म्हणजे दक्षिणेची स्त्री नायकाला हवी होती, तिचे दक्षिणपण पुसून. आणि दक्षिणेचा पुरुष स्पर्धक म्हणूनसुद्धा नको होता, म्हणून त्याला विदूषक केले गेले. ‘पडोसन’ची कथा शेवटी एका मुलीसाठी दोन पुरुषांत लागलेली चुरसच आहे.

तुलना कुठे थांबवायची तेही सांगितले पाहिजे. मुंबईतला दाक्षिणात्य कारकून हा गुलामगिरीतून आलेला माणूस नव्हता. तो अनेकदा शिकलेला, उच्चवर्णीय आणि नोकरीत स्थिरावलेला होता. जिम क्रो कायद्यांसारखे काही त्याच्यावर लादले गेले नव्हते. भारतात कातडीच्या रंगावरून होणारी हेटाळणी जातीशी जोडलेली आहे आणि तिचा सर्वांत जड भार दलित-आदिवासींनी वाहिला आहे. ते तर विनोदी मालिकांमध्ये विदूषक म्हणूनही फारसे आले नाहीत. दोन्ही ठिकाणी सारखे आहे ते विनोदाचे यंत्र. अन्यायाचे वजन सारखे नाही.

मराठी वाचकाने स्वतःकडेही पाहावे. हिंदी चित्रपटांत आणि मालिकांत आपण वर्षानुवर्षे कोण होतो? हवालदार आणि भांडी घासणारी बाई. मुंबईच्या बोलीत ‘घाटी’. आपल्यावर हसले गेल्याचा राग आणि अण्णावर हसण्याची सवय, दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातली ‘चिमणराव’ ही मालिका दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी गाजवली. चिं. वि. जोशी यांच्या पात्रांवरचा तो विनोद स्वतःच्याच वर्गाला हसणारा होता आणि म्हणून निरोगी होता. मात्र त्या घरात मध्यमवर्गीय पांढरपेशांखेरीज इतरांना फारशी जागा नव्हती.

मालगुडीत काय वेगळे झाले

१९८२मध्ये राष्ट्रीय प्रक्षेपण आणि रंगीत चित्र आले, १९८४पासून प्रायोजित मालिका. त्याच वर्षीच्या ‘ये जो है ज़िंदगी’मध्ये सतीश शाह प्रत्येक भागात नवा वेश घेऊन येत. भारतातल्या माणसांचे नमुने एकेक करून दाखवण्याची ती चतुर युक्ती होती. माणूस नव्हे, नमुना. मग १९८६मध्ये ‘मालगुडी डेज़’ आली.

ही मालिका बंगळूरुची म्हणता येईल. आर. के. नारायण यांनी ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या पहिल्या कादंबरीची, आणि तिच्याबरोबर मालगुडी या गावाची, सुरुवात १९३०मध्ये बंगळूरुलाच केली. दिग्दर्शक शंकर नाग मूळचे होन्नावरकडचे. मुंबईत असताना त्यांनी मराठी रंगभूमीवर काम केले, मग बंगळूरुला जाऊन कन्नड चित्रपटातले लाडके नट आणि दिग्दर्शक झाले. चित्रीकरण शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबे गावी झाले. बरेचसे नट कन्नड रंगभूमीवरचे होते. छोट्या स्वामीचे काम मास्टर मंजुनाथने केले, त्याच्या वडिलांचे गिरीश कार्नाड यांनी. अनंत नागही त्यात आहेत.

मालिका हिंदीत होती आणि देशभर गेली. पडद्यावर वेष्टी आहे, गंध आहे, शेंडीही आहे. ‘पडोसन’मधले सगळे सामान इथे हजर आहे, पण कोणी त्याला हसत नाही. कारण साधे आहे : गावात सगळेच तसे आहेत. ज्याच्या तुलनेत पिल्लई विचित्र ठरत होता तो भोला मालगुडीत नाही. विनोद आहे आणि भरपूर आहे, पण तो शाळा चुकवणाऱ्या पोराच्या थापांचा आहे, कंजूष म्हाताऱ्याचा आहे, बक्षिसात रोडरोलर मिळाल्यावर तो ठेवायचा कुठे या पेचात पडलेल्या माणसाचा आहे. नारायण यांच्या ‘अ हॉर्स अँड टू गोट्स’ या कथेत तर सगळा विनोद भाषेचाच आहे. तमिळ खेडूत आणि अमेरिकन पाहुणा एकमेकांचा एकही शब्द न कळता मजेत गप्पा मारतात आणि त्यातून एक सौदाही होऊन जातो. पण दोघांचे अज्ञान सारखे आहे. उच्चार कोणाचाच चुकत नाही, कारण प्रमाण कोणीच नाही.

घाईने मात्र निष्कर्ष काढू नये. ‘एमॉस अँड अँडी’तही सगळे कृष्णवर्णीयच होते, मग तिथे असे का झाले नाही? फरक लेखणीचा आहे. मालगुडीतली माणसे ज्याने लिहिली तो त्यांच्यातलाच होता आणि त्याच्या गावात ठग होता तसा प्रामाणिक मास्तरही होता, भोंदू होता तसा विचार करणारा मिठाईवालाही होता. एनएएसीपी नेमके हेच मागत होती.

मालिकेची रेखाचित्रे आर. के. लक्ष्मण यांची, म्हणजे नारायण यांच्या धाकट्या भावाची. मैसूरचे लक्ष्मण मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार होते आणि त्याच दैनिकात बाळ ठाकरेही व्यंगचित्रकार होते. एकाच कार्यालयातून निघालेल्या दोन कुंचल्यांपैकी एकाने ‘मार्मिक’ काढले आणि दुसऱ्याने मुंबईला ‘कॉमन मॅन’ दिला. हा सामान्य माणूस धोतर नेसतो, चौकड्यांचा कोट घालतो, कुठल्याच प्रांतात अडकत नाही. आणि तो कधीच बोलत नाही. बोलला असता तर त्याला उच्चार आला असता आणि तो कोणाचा तरी ‘मद्रासी’ किंवा ‘घाटी’ झाला असता.

मालगुडीची किंमतही याच जागी मोजावी लागते. तिथले सगळे लोक स्वच्छ, सारखी हिंदी बोलतात. कन्नड नटांनी उभे केलेले तमिळ वळणाचे गाव, पण त्यात ना कन्नड ऐकू येते ना तमिळ. उच्चाराची चेष्टा थांबवायची तर उच्चारच काढून टाकावा लागला. राष्ट्रीय वाहिनी हिंदीत, म्हणून दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणता येईल. पण मग तो राष्ट्रीय वाहिनीचा दोष आहे. १९८८च्या ‘वागले की दुनिया’तही असेच झाले. कल्पना लक्ष्मण यांची, निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची, नायकाचे आडनाव वागळे. हवालदारापलीकडचा, बसच्या रांगेत उभा राहणारा साधा मराठी कारकून हिंदी मालिकेचा नायक झाला, ही मोठीच गोष्ट. फक्त त्याच्या हिंदीत मराठीचा वास उरला नव्हता.

अमेरिकेत हा पेच आधी येऊन गेला होता. सप्टेंबर १९६८मध्ये, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर पाच महिन्यांनी, ‘जूलिया’ मालिका सुरू झाली. नायिका डायान कॅरोल, भूमिका परिचारिकेची, नवरा व्हिएतनाम युद्धात गेलेला. मोलकरीण नाही, विदूषक नाही. तरी अनेक कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी विचारले की आमच्या वस्त्या पेटलेल्या असताना ही बाई कुठल्या देशात राहते? ती गोऱ्यांना चालेल इतकी धुऊन-पुसून घेतली आहे, असा तो आक्षेप होता. परक्या माणसाला पडद्यावर येण्यासाठी दोनच दारे होती. एकातून सगळ्या खुणा अंगावर वागवत विदूषक होऊन यायचे, दुसऱ्यातून खुणा बाहेर ठेवून सभ्य होऊन यायचे.

तिसरे दार बंद नव्हते

मराठी वाचकाला तिसरे दार ठाऊक आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधले (१९६६) बेळगावचे रावसाहेब आठवावेत. त्यांची मराठी कानडी हेलाची आहे, लिंग-वचनाचा गोंधळ वाक्यावाक्याला आहे आणि पुलंनी तो पुसलेला नाही. उलट त्यावर मनमुराद हसू दिले आहे. पण रावसाहेब त्या चुकांत संपत नाहीत. त्यांचे गाण्याचे वेड, त्यांचा राग, त्यांचा हात सैल सोडणारा स्वभाव एवढा मोठा आहे की उच्चार ही त्या माणसाच्या अंगकाठीसारखी एक गोष्ट उरते. हे ‘पडोसन’च्या दोनच वर्षे आधीचे लेखन आहे, म्हणजे त्या काळात दुसरे काही सुचणे शक्य नव्हते, असे म्हणता येत नाही.

रंगभूमीवर हे गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८०मध्ये केले. मालवणी बोलणारे पात्र तोवर मराठी नाटकात बहुधा गडी म्हणून यायचे. इथे सगळे नाटकच मालवणीत आले आणि मच्छिंद्र कांबळी ते हजारो प्रयोगांपर्यंत घेऊन गेले. हसणारे आणि हसले जाणारे एकाच गावचे होते.

अमेरिकन दूरचित्रवाणीवर हा झगडा थेट चित्रीकरणाच्या जागी झाला. १९७४ची ‘गुड टाइम्स’ ही शिकागोच्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाची मालिका गंभीर विनोद म्हणून सुरू झाली. मोठा मुलगा जे. जे. याच्या अंगविक्षेपांना हशा मिळू लागला तसे लेखन त्याच्याकडे झुकले. आईवडिलांचे काम करणाऱ्या एस्थर रोल आणि जॉन एमॉस यांनी त्याला विरोध केला. एमॉस यांना १९७६मध्ये काढण्यात आले, रोलही पुढच्या वर्षी काही काळासाठी बाहेर पडल्या. खुणा ठेवून माणूस उभा करणे किती अवघड आहे आणि हशा किती लवकर माणसाला परत नकलेत ओढतो, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

बंगळूरुच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटचा भाग जवळचा आहे. १९५०मध्ये या शहरात एका मराठी भाषक कुटुंबात जन्मलेला, इथल्या सिटी बसमध्ये कंडक्टर असलेला शिवाजीराव गायकवाड १९७५मध्ये तमिळ पडद्यावर रजनीकांत झाला. त्याचा काळा रंग तिथे बचाव मागत नव्हता. तो नायकाचा रंग झाला. त्याच चित्रपटांतल्या नायिका मात्र बहुतेक गोऱ्याच राहिल्या. शिवाय कन्नड चित्रपटांत धारवाडकडची कन्नड बोली हशासाठी वापरली गेलीच. जे मुंबईने बंगळूरुशी केले ते बंगळूरुने धारवाडशी केले.

आणि आफ्रिकी वंशाचे भारतीय? जंजिऱ्याचे सिद्दी मराठी इतिहासात आहेत, पण शत्रू म्हणून. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. तिथे त्याला २००३मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. नीनासम या रंगसंस्थेत शिकलेले प्रशांत सिद्दी आज कन्नड चित्रपटांत काम करतात. दूरचित्रवाणीच्या विनोदी मालिकांनी मात्र हा समाज जवळजवळ पाहिलाच नाही. जानेवारी २०१६च्या अखेरीस बंगळूरुत एका अपघाताशी काहीही संबंध नसलेल्या टांझानियाच्या विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. अपघात केलेला माणूस दुसऱ्या आफ्रिकी देशाचा, सुदानचा होता. जमावाला फरक करता आला नाही. पाच भाषांच्या लोकांना एकच ‘मद्रासी’ म्हणणाऱ्या देशाला दोन आफ्रिकी देशांतला फरक दिसला नाही, याचे नवल वाटू नये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका हिंदी विनोदी कार्यक्रमात अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी यांच्या काळ्या रंगावर विनोद झाले, तेव्हा त्या उठून निघून गेल्या. ‘पिट्सबर्ग कुरियर’ने १९३१मध्ये सह्या गोळा केल्या होत्या, तसेच हे एक पाऊल.

वर्गात एक प्रयोग करता येईल. ‘पडोसन’मधली जुगलबंदी आधी आवाज बंद करून पाहावी आणि कोणावर हसू येते ते प्रत्येकाने कागदावर लिहावे. मग पडद्याकडे पाठ करून तीच जुगलबंदी नुसती ऐकावी आणि पुन्हा लिहावे. दोन्ही कागद शेजारी ठेवून, दुसऱ्या वेळी हसू कितीदा आणि कशाला आले, एवढीच मोजदाद करावी. त्यानंतर ‘मालगुडी डेज़’चा कोणताही एक भाग याच पद्धतीने घ्यावा.